माईंचा अनंत

अनंताचे फूल आवडत नाही असा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. आणि अनंताचे झाड शहरात, कुंडीत लावल्यावर ज्याने कधीच कपाळाला हात लावला नाही, असाही मनुष्य फारसा भेटलेला नाही. रोपवाटिकेतून आणताना काय त्याचा तोरा! पाने काळपट हिरवी, तेल चोळल्यासारखी चकचकीत. शेंड्यांवर पीळ दिलेल्या कळ्या. घरी आणावे, चार दिवस कौतुक करावे, आणि पाचव्या दिवसापासून कळ्या गळू लागाव्यात. महिन्याभरात पाने पिवळी. मग शेजारीण येऊन सांगते, "अहो, अनंत ना? तो नाही लागत सगळ्यांना." जणू काही तो आपल्या हाताचाच दोष!

मीही पाचसहा वर्षे हा दोष माझ्या हातावर घेऊन बसले होते. त्यातून आमचा अनंत रोपवाटिकेतला नव्हता. तो माईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा होता.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सासरच्या घरी मागल्या दारी, विहिरीच्या वाटेवर, पुरुषभर उंचीचा अनंत होता. त्याला कोणी कधी खत घातल्याचे मला आठवत नाही. भांडी घासण्याच्या जागेचे पाणी बाजूने वाहत जाई, वर फणसाची विरळ सावली, खाली त्याच फणसाचा पाचोळा कुजलेला. उन्हाळा सरता सरता तो असा फुले की रात्री पडवीत निजलेल्या पाहुण्यांना वाटे, कोणी अत्तराची कुपी सांडली की काय. माईंच्या सासूबाईंनी माहेरून गुटी आणून तो लावला होता. आमच्याकडचा अनंत दुहेरी, भरगच्च पाकळ्यांचा. त्याला फळ धरत नाही आणि बीही मिळत नाही. म्हणजे तो वाढवायचा तो फांदीपासूनच, आणि फांदीपासून वाढवलेले झाड हे निराळे झाड नव्हेच. तेच ते, जागा बदललेले.

ते घर आम्ही २०१६ साली विकले. "आम्ही" म्हणते, पण घर विकावे हा धोशा माझा होता. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज नाही. रात्रीअपरात्री काही झाले तर डॉक्टर कोसांवर. माझे म्हणणे चुकीचे नव्हते असे मला आजही वाटते. पण माझ्या नणंदेला ते रुचले नाही. "आईला उपटून नेताय तुम्ही," एवढेच ती बोलली, आणि त्यानंतर काही वर्षे दिवाळीला आमच्याकडे आली नाही. माई मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांनी गड्याकडून अनंताला चार गुट्या बांधून घेतल्या. आश्विनात आम्ही पुण्याला निघालो तेव्हा दोनच धरल्या होत्या. एक गाडीत मोडली. उरली ती एक.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुंपणाच्या भिंतीलगत मातीचा एक पट्टा आहे. तिथे मी ती गुटी मोठ्या हौसेने लावली. पहिल्या दिवशी पाणी घालताना माई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगो, तुमच्या ह्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हे झाड काय जगायचं?"

मी हसले. कोकणातून आलेल्या माणसाला पुण्यातले काहीच पसंत पडत नाही, हे मी धरूनच चालले होते.

पुढच्या उन्हाळ्यात नवी पालवी आली ती पोपटी. मग पिवळी. मग पार पांढुरकी, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, कोणी टाकाने रेखल्यासारख्या. मला वाटले, भूक लागली असेल. चिमूटभर युरिया घातला. फरक नाही, म्हणून आणखी घातला. पानांचे काठ करपले. कोणी सांगितले, अंड्याची टरफले कुटून घाला. घातली. कोणी म्हणाले, राख उत्तम. गावाकडच्या बंबातली नाही, पण होळीची राख मी आणून घातली. कोणी गंजके खिळे पुरायला सांगितले. ह्यांनी जुन्या कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा पुरल्या! झाड मेले नाही, एवढेच म्हणायचे.

२०१८ साली मी ते खणून काढले आणि कुंडीत घालून गच्चीत, डोळ्यांसमोर आणले. खणताना मुळांशी काय निघाले म्हणाल, तर विटांचे तुकडे आणि गिलाव्याचे लपके. तो "मातीचा पट्टा" म्हणजे इमारत बांधताना उरलेला राडारोडा होता. वरून चार बोटे माती पसरलेली. आता नवी माती घातली, आता खुलेल, असे मी माईंना सांगितलेही.

त्याच सुमारास आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र बसले. ते जेवढे पाणी शुद्ध करते त्याहून जास्त बाहेर सोडते. ते वाया जाताना पाहवेना. पाणी जपावे हे लहानपणापासून अंगी मुरलेले! मी नळीखाली बादली लावली आणि ते सारे पाणी न चुकता अनंताला घालू लागले. चांगले वर्षभर घातले. २०१९च्या फाल्गुनात झाडाला पहिल्यांदाच अकरा कळ्या आल्या. माई रोज मोजत असत. अकराच्या नऊ झाल्या, मग चार, आणि गुढीपाडव्याला एकही उरली नाही. त्या दिवशी माई गच्चीत आल्या नाहीत.

आमच्या अज्ञानाचा उलगडा झाला तो २०२०च्या जानेवारीत, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात. तिथल्या एका रोपवाल्यापुढे मी माझी कैफियत मांडली. त्याने खत कोणते घालता हे विचारलेच नाही. विचारले, "बाई, पाणी कुठलं? बादलीला पांढरा थर बसतो का?" बसतो म्हटले. "गीझरची कॉइल किती दिवसांत जाते?" मी सांगितले. "मग झाडाला काय झालंय ते मला कशाला विचारता?"

आता शास्त्र काय ते थोडक्यात सांगते, कारण एवढे कळले असते तर माझी चार वर्षे वाचली असती. माती आंबट की खारट-चुनखडी, हे मोजण्याचे एक माप आहे; शेतीखात्याच्या भाषेत त्याला सामू म्हणतात. सात म्हणजे मधोमध; खाली आम्ल, वर अल्क. अनंताला पाच ते सहा सामूची माती लागते. कोकणात धो धो पावसाने जमिनीतला चुना शतकानुशतके धुऊन गेलेला आहे. जांभ्याची ती तांबडी माती मुळातच आम्ल. घाटावर पाऊस कमी, काळी माती चुनखडीची, आणि खडकातून वर काढलेले बोअरचे पाणी बहुधा चुन्याने जड. आम्ल मातीत लोह विरघळून मुळांना मिळते. सामू चढला की तेच लोह मातीत असूनही न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. जणू घरात धान्य भरलेले, पण कोठीला कुलूप! लोहावाचून पानात हिरवा रंग तयार होत नाही. आणि झाडाला जुन्या पानांतले लोह काढून नव्यांना देता येत नाही, म्हणून नवी पालवीच आधी पिवळी पडते. ही खूण पक्की लक्षात ठेवावी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाचा प्रश्न. खालची जुनी पाने सरसकट पिवळी, तर नत्राची भूक, किंवा मुळाशी पाणी साचलेले, किंवा नुसते वय. अनंत सदाहरित खरा, पण सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असे नव्हे. जुनी चारदोन पाने वसंतात पिवळी होऊन गळतातच. त्यासाठी कोणी डॉक्टर बोलावू नये.

आता माझ्या पराक्रमांची यादी पाहा. गिलाव्यात चुना. राखेत अल्क. अंड्याचे टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ चुनखडी. गंजके खिळे म्हणजे न विरघळणारेच लोह, आणखी थोडे. आणि आर.ओ.चे सोडलेले पाणी? त्या यंत्राने पिण्याच्या पाण्यातले जे क्षार काढले ते ह्या उरलेल्या पाण्यात जातात. म्हणजे साध्या बोअरच्या पाण्याहून ते अधिक जड. मी झाडाला रोज निवडून निवडून घरातले सर्वांत वाईट पाणी पाजत होते, आणि वर काटकसर केली म्हणून खूश होते!

हे मी घरी येऊन सांगितले तेव्हा माई निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या, "डाळीचं मी सांगितलं होतं."

मार्चमध्ये टाळेबंदी आली. मुलगा घरून काम करू लागला आणि त्याच्या खोलीतला ए.सी. दिवसभर चालू राहिला. त्याची नळी गच्चीत टपटप गळायची. ह्यांनी औषधांच्या दुकानातून सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या मिळवल्या होत्या, आणि टाळेबंदीत दुसरा उद्योग नसल्याने घरातल्या यच्चयावत पाण्यात त्या बुडवून पाहणे चालले होते. बोअरचे पाणी आठाच्या घरात. ए.सी.चे सहाच्या आसपास. ते पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड नळ्यांवर जमून झालेले थेंब. त्यात चुना कुठून असणार? पिण्यासाठी ते नव्हेच, पण अनंताला उत्तम. आणि गंमत अशी की ऐन उन्हाळ्यात, त्याला सर्वांत जास्त तहान असते तेव्हाच ते मिळते. पावसाळ्यात मी गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवते. पिंपाला जाळीचे घट्ट झाकण हवे, नाहीतर अनंत फुलायच्या आधी घरात डेंग्यू यायचा.

पहिला पाऊस पडल्यावर कुंडी बदलली. चौदा इंची कुंडी, तळाला मोठे भोक, त्यावर खापऱ्या. दोन भाग तांबडी माती, एक भाग पानांचे कुजलेले खत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा. वरून वाळक्या पानांचे आच्छादन, कारण अनंताची मुळे वरवर असतात आणि ती तापलेली किंवा खुरप्याने खरवडलेली त्याला खपत नाहीत. मूठभर गंधकाची भुकटीही मिसळली होती. गंधकाचे आम्ल करतात ते मातीतले जिवाणू. त्यांना महिने लागतात, तेव्हा आठवड्यात उकरून पाहू नये.

लोहासाठी आपल्याकडचा जुना उपाय हिराकस. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. जास्त घातला तर पाने काळी पडतात, फरशीवर डाग पडतात, आणि मग घरात बोलणी बसतात. चुनखडीच्या मातीत नुसता ओतलेला हिराकस लवकरच निकामी होतो, तिथे ई.डी.डी.एच.ए. नावाच्या धारकात बांधलेले लोह मिळते, तांबूस भुकटी असते, ते वापरावे. ताकाचे पाणी, चहाचा चोथा वगैरे उपाय मी करून पाहिले. ताकाने अपाय नाही, उपायही बेताचाच. चहाचा चोथा धुऊन घातला तर पाचोळ्यासारखा उपयोगी; दूधसाखरेसकट घातला तर मुंग्या. आणि मुंग्यांना कमी लेखू नका. शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो, तो गोड चिकटा टाकतो, मुंग्या तो खातात आणि त्याची राखण करतात, आणि चिकट्यावर मागाहून काजळी धरते. दर रविवारी ओल्या फडक्याने पाने पुसावीत, आणि कीड दिसलीच तर कडुलिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात फेटून सूर्यास्तानंतर फवारावे.

नवे पान हिरवे आले ते श्रावणात. मी काही न बोलता माईंची खुर्ची गच्चीत नेऊन ठेवली.

कळ्यांविषयी एकच सांगणे आहे: एकदा कळी धरली की कुंडी हलवू नका. आपण पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात आणतो, पुन्हा बाहेर ठेवतो. तेवढ्यानेही तो कळ्या टाकतो. माती एक दिवस कोरडी आणि एक दिवस चिखल, हेही त्याला चालत नाही. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली, ही जागा ठरवून टाकावी. छाटणी फुले संपल्यावर लगेच करावी. थंडीत हात लावू नये, कारण गारठ्याच्या रात्रींत शेंड्यांवर कळ्यांची तयारी चाललेली असते. माझ्या यजमानांनी एका डिसेंबरात शेजारच्यांच्या अनंताला "आकार" दिला होता. त्या वर्षी त्यांच्याकडे आकार होता, फुले नव्हती.

ह्या झाडाला नाव देताना साहेबलोकांचीही गंमत झाली. अठराव्या शतकाच्या मध्यास ते इंग्लंडात पोचले तेव्हा ते केप ऑफ गुड होपहून आलेली जाई आहे असे समजले, म्हणून "केप जॅस्मिन" हे नाव पडले. ते तिकडचेही नाही आणि जाईच्या कुळातलेही नाही, मूळचे चीनकडचे. पुढे अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन ह्यांच्या सन्मानार्थ त्याला गार्डेनिया म्हटले गेले. बागेवरून नाव पडले असे मी कित्येक वर्षे समजत होते. ते आडनाव निघाले! जपानात एकेरी जातीच्या फळांपासून पिवळा रंग काढतात आणि मुळ्याच्या लोणच्याला देतात. केशराला ज्या द्रव्याने रंग येतो तेच द्रव्य त्या फळात असते. त्या फळाला जपानी भाषेत "कुचिनाशी" म्हणतात, म्हणजे तोंड नसलेले, कारण ते पिकले तरी उकलत नाही. आणि आपल्या आजीबाईंच्या बटव्यातली डिकेमाली, बाळाला दात येताना देतात ती, हा अनंताच्याच आपल्या रानातल्या चुलतभावंडांचा डिंक. माईंना हे सांगितले तेव्हा त्यांना गार्डन डॉक्टरांचे काही वाटले नाही, पण डिकेमालीचे मात्र फार नवल वाटले. "तरीच," असे म्हणाल्या. काय "तरीच", ते कळले नाही.

२०२१च्या वैशाखात पहिले फूल उमलले. संध्याकाळी कळीचा पीळ सुटू लागला आणि दिवे लागेपर्यंत फूल पुरते उघडले. माई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. मी फूल तोडून त्यांच्या हातात दिले. त्यांनी बराच वेळ नाकाशी धरले आणि म्हणाल्या, "तिकडच्यापेक्षा वास कमी आहे."

मला राग आला, खोटे कशाला सांगू? पाच वर्षांची मेहनत! पण रात्री त्यांच्या खोलीत डोकावले तर वाटीत पाणी घालून फूल उशाशी ठेवलेले होते. सकाळी ते पिवळसर झाले, अनंताचे होते तसेच. त्यांनी ते फेकू दिले नाही. चांगले गूळ-रंगाचे होईपर्यंत तिथेच होते.

त्यानंतर दर वर्षी तो फुलतो आहे, कधी वीस, कधी पन्नास. २०२३च्या पावसाळ्यात माईंनी आपण होऊन फर्मावले, "दोन गुट्या बांध." पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घेतली, इंचभर सालीचे वळे काढले, ओला काथ्याचा भुसा लावून वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले. दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली. कोणासाठी, हे मी विचारले नाही. नाशिकला वन्संना फोन त्यांनी स्वतःच केला.

वन्सं दिवाळीत आल्या, पण दोनच तासांसाठी. फराळ झाला. घराचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्यांनी रोप मांडीवर घेतले, गाडीत मागे ठेवू दिले नाही. मी तांबड्या मातीची पिशवी बरोबर दिली आणि पाण्याचे सगळे समजावून सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, "वहिनी, आईनं सांगितलंय."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. माईंनीच उचलला. रोप पोचले, सावलीत ठेवले आहे, एक पान गळले, असे काहीसे पलीकडून चालले असावे. माईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "तुझ्याकडे डाळ शिजते ना गो?"